थेंब एकीकडे, वाट दुसरीकडे : गळक्या छपराचा आढावा

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या आग्नेय टोकाकडचे, भीमाकाठच्या पट्ट्यातले गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस इथपर्यंत येता येता दमतो आणि वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडून थांबतो. ऊस उभा आहे तो नदीच्या आणि बंधाऱ्यांच्या पाण्यावर. अशा मुलखात छप्पर गळणे हा मोठा प्रश्न असेल असे बाहेरच्या माणसाला वाटत नाही. पण पाऊस कमी म्हणूनच इथली छपरे पिढ्यान्‌पिढ्या सपाट राहिली. मावळात आणि कोकणात पाणी टिकूच नये म्हणून छपराला उतार दिला जातो. देशावर छतावर धान्य वाळवायचे, उन्हाळ्यात झोपायचे, पुढेमागे वरचा मजला चढवायचा. पावसाने थोडे थोडे पडावे आणि उन्हाने ते वाळवून टाकावे, या भरवशावर हे सपाट छत उभे असते.

तो भरवसा आता डळमळला आहे. १४ ऑक्टोबर २०२० च्या सुमारास बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने दौंड, बारामती, इंदापूर या एरवी कोरड्या पट्ट्यात रात्रीतून धुमाकूळ घातला. मे २०२५ च्या अखेरीस याच भागाला मृगाच्या आधीच मुसळधार पावसाने गाठले. वर्षाची सरासरी फारशी हलली नसेलही. पण छपराला सरासरीशी घेणे नसते. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ९,३०० लिटर पाणी पडते. ते जाण्यासाठी बहुतेक घरांना एक किंवा दोन पाइप असतात आणि त्यांतल्या एकाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलेला असतो.

मग धावपळ सुरू होते. ताडपत्री, डांबर, दुकानातून आणलेला डबा, गवंड्याला निरोप. बहुतेक घरांत गळतीवर खर्च एकदाच होत नाही, दोनतीनदा होतो. त्याचे कारण माल खोटा असतो हे क्वचित. पाणी कुठून शिरते ते न शोधताच माल लावला जातो, हे नेहमीचे. या लेखात आधी छपरांचे प्रकार, मग शोधाच्या पद्धती आणि शेवटी उपायांचा ताळेबंद मांडला आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच म्हणणे आहे : गळती बुजवण्यापेक्षा गळती शोधण्यावर वेळ आणि पैसा खर्च करायला हवा.

या मातीतली छपरे

मांडवगणाच्या परिसरातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून सुमारे दीड दशक तिथे उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकरी वस्तीची शंभराहून अधिक घरे तिथे उजेडात आली. छप्पर काळाच्या ओघात टिकत नाही. उरतात ते खांबांचे खड्डे, मातीच्या बुटक्या भिंती आणि चोपलेली जमीन. त्यावरून कुडाच्या, गवताने शाकारलेल्या घरांचे चित्र उभे करता येते. आधीच्या काळातली घरे ऐसपैस आणि चौकोनी होती. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे झाले, शेती आखडली आणि लोक दरिद्री झाले, असे त्याचे स्पष्टीकरण ढवळीकरांनी दिले. पाऊस बदलला की घर बदलते, याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला इतका जवळ आहे.

गवताचे छप्पर गळू नये यासाठी दोनच गोष्टी लागतात : उतार आणि जाडी. पाणी आत झिरपण्याआधी काडीवरून काडीवर घरंगळत वळचणीला पोचले पाहिजे. आजही ऊसतोड कामगारांच्या कोप्या याच तत्त्वावर उभ्या राहतात. पलीकडच्या भीमा-पाटससारख्या साखर कारखान्यांच्या हंगामासाठी उभारलेल्या या कोप्या पावसाळ्यासाठी बांधलेल्याच नसतात, कारण पावसाळ्यात माणसे आपापल्या गावी असतात. अवकाळी पाऊस आला की पहिला फटका त्यांना बसतो.

देशावरच्या जुन्या घरांचे खरे छत म्हणजे धाबे किंवा माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या किंवा फळ्या, त्यावर पाला-चिपाडांचा थर आणि वर चोपून बसवलेली पांढरी माती. काळी माती धाब्याला चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पुढचा पाऊस त्या भेगांतून सरळ घरात उतरतो. पांढरी माती पहिल्या सरीत घट्ट बसते आणि वरचे पाणी वाहून जाऊ देते. धाब्याला पन्हाळीकडे हलका उतार असे, दर वर्षी मृगाआधी त्यावर उगवलेले गवत उपटले जाई आणि खचलेल्या जागी नवी माती चोपली जाई. धाबे गळत नव्हते असे मुळीच नाही. पण दुरुस्ती वर्षाच्या कामांतच धरलेली होती आणि ती करायला बाहेरचा माणूस लागत नव्हता.

या पद्धतीत एक घातक खोट होती. गळले की माती टाकायची, पुन्हा गळले की पुन्हा टाकायची. जुना थर काढायचा नाही. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेपाच ते सहा टन वजन झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे मेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे हे त्या मनुष्यहानीचे मुख्य कारण होते. गळतीवर थर चढवण्याची सवय माळवदाबरोबर गेलेली नाही; ती आता सिमेंटच्या घरात आली आहे.

मंगलोरी कौले १८६५ मध्ये बाझल मिशनच्या कारखान्यातून निघू लागली आणि किनाऱ्यावरून देशावर पसरली. नालीदार पत्र्याचे पेटंट त्याआधीचे, १८२९ चे, लंडनच्या हेन्री पामरचे. कौलाची खोड सोपी आहे : फुटलेले किंवा सरकलेले कौल डोळ्यांना दिसते आणि एकच बदलता येते. पत्र्याची खोड त्याच्या भोकांत असते. दहा फुटांचा पत्रा दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात मिळून दीड-एक मिलिमीटर लांबतो-आखडतो. ही ओढाताण रोज होते आणि ती सगळी स्क्रू किंवा आकड्याखालच्या रबरी वायसरवर येते. काही वर्षांत रबर कडक होऊन तडकते. मग लोक पूर्ण पत्रे बदलायला निघतात; खरे तर अनेकदा वायसर आणि स्क्रू बदलले की काम भागते.

आणि आता स्लॅब. घरकुल योजनेतले घर असो की बागायतदाराचा बंगला, सपाट काँक्रीटचे छत ही पक्क्या घराची खूण झाली. स्लॅब घातला की घर पक्के झाले, आता पाहायला नको, असा समज त्याबरोबर आला. वास्तविक काँक्रीट पाणी अडवते ते काही अटींवर. माल घोळताना पाणी बेताचे हवे, भरताना दाबून पोकळी काढलेली हवी, एकाच दमात भरलेले हवे आणि नंतर आळी करून त्यावर पाणी बांधलेले हवे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस पाणी द्यावे, असे भारतीय मानक सांगते. हल्ली बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट दुसऱ्या प्रकारचे असते. वैशाखात पाण्याची टंचाई असताना घातलेल्या स्लॅबला किती दिवस पाणी मिळाले, हे ज्याने त्याने आठवावे.

सपाट छताची गळती हे गरिबीचे किंवा अडाणीपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांचे पॅरिसजवळचे सव्हॉय भवन आधुनिक वास्तुकलेचा मानदंड मानले जाते; तिथल्या मालकीणबाई छत गळते म्हणून त्यांना पत्रांवर पत्रे धाडत होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात दिल्लीतल्या नव्या संसद भवनाच्या लॉबीत पाणी ठिबकले तेव्हा काचेच्या घुमटाचा चिकटमाल सरकल्याचे लोकसभा सचिवालयाने सांगितले. महालात काय आणि घरकुलात काय, पाणी बहुधा सपाट भागातून शिरत नाही, सांध्यातून शिरते.

आधी शोध

घरातल्या छताला जिथे थेंब लोंबतो, तिथे वर भोक असेलच असे नाही. स्लॅबवरच्या कोब्याच्या, म्हणजे वर घोटलेल्या थराच्या, फटीतून उतरलेले पाणी स्लॅबच्या पृष्ठावर सरकत जाते, खोलगट जागी साठते आणि जिथे स्लॅबमध्ये पोकळी किंवा चीर सापडेल तिथून खाली येते. कधी ते स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या पाइपात शिरते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या पंख्याच्या हुकातून ठिबकते. पंख्यातून पाणी येत असेल तर शोध नंतर. आधी मेन स्विच बंद करावा.

पहिला प्रश्न ‘कुठे’ हा नसून ‘कधी’ हा आहे. पाऊस सुरू होताच ठिबकते, तर वाट सरळ आणि मोकळी आहे : फुटके कौल, सैल स्क्रू, पाइपाभोवतीचे भोक. दोन-चार तासांनी ठिबकते, तर पाणी कोब्यातून झिरपून येत आहे. पाऊस थांबल्यावरही दोन दिवस थांबत नाही, तर कोब्याखाली पाणी कोंडले आहे. वाऱ्याचा पाऊस असतानाच ओल येते, तर छत निर्दोष असू शकते. भिंतीची भेग, कठडा किंवा छज्जा पाहावा. उन्हाळ्यातही डाग ओलाच असेल, तर पावसाला दोष देऊ नये; वरची टाकी, नळ किंवा न्हाणीघर तपासावे. आणि पौष-माघाच्या पहाटे पत्र्याखालून टपटप होत असेल, तर ती गळती नव्हेच. उसाच्या पट्ट्यातली दमट हवा आणि घरातल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते. तिथे डांबर फासून काहीही होणार नाही. हवा खेळती ठेवणे आणि पत्र्याखाली छत लावणे हाच उपाय.

स्लॅबच्या बाबतीत हीच शंका असेल तर साधी चाचणी आहे. डाग असलेल्या जागी छताला हात-दीड हात प्लॅस्टिकचा जाड कागद चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ते हवेतल्या वाफेचे. कागद आणि छत यांच्यामध्ये जमले तर ते स्लॅबमधून आलेले.

दुसरे काम मोजण्याचे. खोलीतल्या डागाचे दोन भिंतींपासूनचे अंतर मोजून, भिंतींची जाडी धरून, तोच बिंदू गच्चीवर खडूने मांडावा आणि तिथून चढाच्या दिशेने पाहत जावे. वाट बहुधा चढाकडे सापडते. पाऊस पडून गेल्यावर गच्चीवर जाऊन डबकी कुठे राहतात त्यांच्या कडा खडूने आखाव्यात; चोवीस तासांनी पुन्हा पाहावे. ज्या आखणीच्या आत अजून पाणी आहे, तिथे उतार चुकला आहे. कोब्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले की घट्ट जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी पोकळ. ती पोकळ जागा पाण्याचे कोठार असते.

तिसरे काम चोरवाटा बघण्याचे. आमच्या भागात त्या ठरलेल्या आहेत. कठडा आणि स्लॅब यांचा सांधा. पावसाच्या पाइपाचे तोंड. टाकीच्या आणि सोलर हीटरच्या पायांखालची जागा. पाइप आणि केबल खाली नेण्यासाठी नंतर पाडलेली भोके. जिन्याच्या खोलीची भिंत गच्चीला मिळते ती कड. या यादीत एक खास आपल्याकडची वाट आहे : पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलमवर सोडून दिलेले उघडे गज. मुलगा मोठा होईल, ऊस साथ देईल, मग वरचा मजला काढू, या आशेने ते गज दहा-पंधरा वर्षे आकाशाकडे बघत असतात. गज गंजत जातो, त्याच्याभोवती बारीक फट पडते आणि त्या फटीतून पाणी सरळ कॉलमच्या आत उतरते. मजला चढवायचा असेल तेव्हा चढवावा. तोवर गजांना गंजरोधक लेप देऊन वर हलक्या काँक्रीटची टोपी घालावी. पुढे ती फोडता येते.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर पाण्याची चाचणी. नळीने पाणी सोडायचे ते उताराच्या खालच्या टोकापासून, एका वेळी हात-दोन हात जागेवर, अर्धा-अर्धा तास, आणि खाली एक माणूस डागावर नजर ठेवून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. दुसरी पद्धत पाणी कोंडण्याची : गच्चीचा एक भाग विटा आणि मातीच्या आळ्याने वेगळा करून, पाइप बंद करून इंच-दीड इंच पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवतात. एका भागात थोडी नीळ कालवली की खाली येणारे पाणी त्याच भागाचे की दुसऱ्या, ते कळते. पूर्ण गच्ची एकदम मात्र भरू नये. हजार चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सुमारे दोन टन ३६० किलो वजन होते. जुन्या, गज उघडे पडलेल्या स्लॅबवर ही परीक्षा घेऊच नये.

शहरात आता ओल मोजणारी यंत्रे आणि उष्णता टिपणारे कॅमेरे घेऊन माणसे येतात. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. दिवसभर तापलेल्या गच्चीत ओला भाग सूर्यास्तानंतर उशिरा निवतो, म्हणून त्या वेळी घेतलेले चित्र उपयोगी पडते. भर दुपारी काढलेले रंगीत चित्र बघायला छान असते, एवढेच.

उपायांचा ताळेबंद

उपाय मोजताना तीन कसोट्या लावाव्यात : पाणी बाहेर काढतो की नुसते झाकतो, स्लॅबवर वजन किती चढवतो आणि पुन्हा गळले तर शोधता येईल का.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय झाडू, जाळी आणि उतार हा आहे. पाइपाच्या तोंडाशी गोल घुमटाची जाळी बसवणे, एकाऐवजी दोन पाइप ठेवणे, शंभर फुटांना निदान एक फूट उतार देणे, एवढ्याने कितीतरी गच्च्या वाचतात. साठलेले पाणी कधी ना कधी वाट काढते. न साठलेल्या पाण्याला वाट काढायला वेळच मिळत नाही.

सर्वांत वाईट उपाय खालून करायचा. डागावर पुट्टी, वर रंग. स्लॅबमधले पाणी तिथेच राहते, रंगाचे पोपडे पडतात, लोणा फुटतो आणि गजाला गंज चढत असतो तो मात्र झाकला जातो. गळके छत निदान खरे बोलते.

डांबर आणि ताडपत्री ही पावसाळ्यापुरती मलमपट्टी. भर आषाढात दुसरे काही करता येत नसेल तेव्हा ती करावी, पण दसऱ्यानंतर ती काढून खरे काम हाती घ्यावे. डांबर उन्हात वाळून तडकते आणि नंतर त्यावर दुसरा लेप चिकटत नाही.

डब्यातून मिळणारा ॲक्रिलिक लेप आज सर्वांत जास्त खपतो. चांगला उतार असलेल्या, कोरड्या, धुऊन काढलेल्या पृष्ठावर, भेगांवर जाळीचे कापड देऊन, ठरलेल्या जाडीचे दोन-तीन हात दिले तर तो काही वर्षे काम देतो आणि पांढरा असला तर खोलीही निवते. त्याचे दोन शत्रू आहेत : साठलेले पाणी आणि घाई. डबक्याखाली तो मऊ पडून सुटतो. ओल्या गच्चीवर लावला तर खालची वाफ त्याला फोड आणते. एका डब्यात दुप्पट जागा रंगवली की पैसे वाचल्याचे समाधान मिळते, पाणी अडत नाही. पॉलियुरेथेनचा लेप अधिक ताणला जाणारा आणि अधिक महाग. त्यालाही पृष्ठ कोरडेच लागते. सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळून केलेला लेप फरशी किंवा कोब्याच्या खाली चांगला, उघड्यावर कमी.

लेप कशाला ताणणारा हवा, तर स्लॅब स्थिर नसतो म्हणून. तीस फूट लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने साधारण पावणेतीन मिलिमीटर लांबतो. भेगेत नुसता सिमेंटचा राप भरला की पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी नवी भेग पडते.

डांबरी पट्ट्यांचे आवरण तापवून चिकटवतात. ते टिकाऊ आहे, पण कारागिरावर अवलंबून आहे. पट्टीवर पट्टी चार इंच चढली पाहिजे आणि कड कठड्यावर निदान सहा इंच वर नेऊन खाचेत बसवली पाहिजे. ही कड उघडी राहिली तर पाणी पट्टीच्या मागून उतरते आणि मग ते कुठे फिरते हे कोणालाच कळत नाही.

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा आहे तो विटांच्या रोड्यांच्या कोब्यावर. स्लॅबवर राप, त्यावर रोडे उभे रचून मसाल्याने भरणे, वर उतार देऊन घोटाई आणि कठड्याच्या कडेला गोल वाटा, म्हणजे सांध्यावरची गोलाई. चांगल्या मिस्त्रीच्या हातचा कोबा वीस-वीस वर्षे टिकतो, घर थंड ठेवतो आणि उतारही तोच देतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. सरासरी साडेचार इंच जाडीचा कोबा हजार चौरस फुटांवर अठरा ते वीस टन भरतो. हे वजन नवा स्लॅब आखतानाच धरायचे असते. जुना कोबा गळतो म्हणून त्यावर दुसरा कोबा घालणारे मिस्त्री आजही भेटतात. माळवदावर मातीचा थर चढवणाऱ्याची चूक आता ठेकेदाराच्या दराने होते, एवढाच फरक. शिवाय खालच्या थरात कोंडलेले पाणी तसेच राहते. दुसरा कोबा घालायचा तर पहिला काढलाच पाहिजे, आणि त्याआधी स्लॅब किती सोसेल हे अभियंत्याला विचारले पाहिजे.

स्लॅबमध्येच पोकळ्या असतील तर बारीक नळ्या बसवून सिमेंटचा किंवा रसायनाचा पातळ गारा दाबाने भरतात. तो स्लॅबमधल्या वाटा बुजवतो, पण वरून येणारे पाणी थांबवण्याचे काम वेगळे करावेच लागते.

शेवटचा उपाय पाठ्यपुस्तकात फारसा सापडत नाही, पण शिरूर-दौंडच्या कुठल्याही वाडीवर दिसतो : गळक्या स्लॅबवर लोखंडी सांगाड्याचे पत्र्याचे शेड. शहरी वास्तुविशारद त्याला नाके मुरडतात. पण तीन कसोट्यांवर ते चांगले उतरते. पाणी स्लॅबपर्यंत येऊच देत नाही, वजन कोब्याच्या मानाने नगण्य आणि पत्रा कुठे गळतो ते डोळ्यांना दिसते. वर सावली मिळते, कडबा-कांदा ठेवायला जागा होते. अडचणी दोन : खांबांच्या तळपट्ट्या स्लॅबला भोके पाडून बसवल्या तर नव्या चोरवाटा तयार होतात, आणि वळवाच्या वादळात नीट न बांधलेले पत्रे उडून दुसऱ्याच्या अंगणात जातात. तळपट्ट्या शक्यतो कठड्याखालच्या बीमवर किंवा कॉलमवर घ्याव्यात आणि सांगाडा वाऱ्याची उचल लक्षात घेऊन बांधावा. काही ठिकाणी जुने सिमेंटचे पत्रे वापरलेले असतात. त्यांत ॲसबेस्टॉस असतो. ते कोरडे घासू किंवा फोडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत; ॲसबेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

जेव्हा प्रश्न पाण्याचा राहत नाही

स्लॅबच्या खालच्या बाजूला गजाच्या रेषेत भेगा पडल्या, तांबूस डाग उतरले, प्लास्टरची खपली पडून गज दिसू लागला, तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याची वेळ टळून गेलेली असते. ताज्या काँक्रीटमधला क्षार गजाला गंजण्यापासून जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून हे संरक्षण वरून आत हळूहळू संपवतात. गजावर काँक्रीटचे आवरण इंचभर असेल तर याला बरीच वर्षे लागतात; भरताना गज सरकून ते अर्ध्या इंचाचे झाले असेल तर खूप लवकर वेळ येते. गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा घेते, त्या फुगण्याने काँक्रीट आतून फुटते आणि मग पाण्याला रस्ता मोकळा होतो. अशा वेळी क्रम उलटा असतो : आधी टेकू, मग अभियंत्याची तपासणी, मग गजाच्या मागपर्यंत सुटे काँक्रीट काढून गज घासणे, लेप देणे, पॉलिमरच्या मसाल्याने भरणे, आणि सगळ्यात शेवटी वरचे पाणी बंद करणे.

कोणी करायचे, कधी करायचे

शहरातल्या सदनिकेला थोडातरी आधार आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विकासकाने आपल्या खर्चाने काढायचा असतो. वरच्या गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. गावातले घर मात्र मालकानेच, गवंड्याला मजुरीवर किंवा फुटाच्या दराने देऊन उभे केलेले असते. तिथे हमी तोंडी असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर हे प्रमाण २०१६ मध्ये ठरले. त्या पैशात स्लॅब पडला तरी पुष्कळ. कठडा, वाटा, उतार यांच्यासाठी हाती फारसे उरत नाही. म्हणून गळक्या घरकुलाचा ठपका लाभार्थ्यावर किंवा गवंड्यावर ठेवून मोकळे होता येत नाही.

कामाची हमी मागायचीच असेल तर ‘दहा वर्षे गळणार नाही’ असा कागद मागण्यापेक्षा तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : पाणी कुठून शिरते असे तुम्ही म्हणता, ते कोणत्या चाचणीने ठरवले, आणि काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करून दाखवाल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न देता जो चौरस फुटाचा भाव सांगतो, त्याला परत पाठवावे. रकमेचा काही भाग पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचे ठरवले तर काम आपोआप नीट होते.

वेळेचे गणितही बदलायला हवे. ‘मृगाआधी’ ही जुनी मुदत आता पुरत नाही. २०२५ सारख्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यातच छप्पर परीक्षेला बसते. शोधाचे काम पावसात आणि पाऊस सरता सरता करावे, कारण तेव्हाच पाणी आपली वाट दाखवते. दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस संपला की, खडूच्या खुणा, डागांचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि ‘कधी’ची नोंद हाताशी असावी. दुरुस्ती मात्र गच्ची पूर्ण वाळल्यावर, माघ ते चैत्र या काळात. त्यात सिमेंटचे काम असेल तर पाणी मारायला विहिरीत पाणी आहे तोवर. जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायतीची इमारत यांची छपरेही याच वेळापत्रकात बसवता येतील. ग्रामसभेत मे महिन्यात ठराव करून जूनमध्ये निविदा काढली की काम भर पावसात येते आणि त्याचे व्हायचे ते होते. तोच ठराव कार्तिकात केला तर त्याच पैशात काम टिकते.

गळतीवरचा माल बाजारात दर वर्षी सुधारतो आहे आणि त्यात वाईट काही नाही. उणीव आहे ती शोधणाऱ्या हातांची. गवंडी स्लॅब घालतो, पत्रेवाला पत्रा बसवतो, दुकानदार डबा विकतो. पाणी कुठून आले हे सांगण्याचे पैसे मात्र कोणी कोणाला देत नाही, म्हणून ते काम शिकणाराही तयार होत नाही. तालुक्याच्या आयटीआयतून बाहेर पडणाऱ्या मुलांना चार दिवसांत शिकवता येईल एवढी ही विद्या आहे. गावाने एकदा त्या तपासणीची मजुरी द्यायला सुरुवात केली, तर लेपावरचा निम्मा खर्च करावाच लागणार नाही.